नाण्यांची खानेसुमारी

मिहानमध्ये दुपारचे जेवण झाले की इमारतीच्या सावलीसावलीने एक फेरी मारायची आमची पद्धत आहे. मे महिन्यातल्या अशाच एका फेरीत टीममधल्या मित्राने मोबाइल काढून मला एका नाण्याचा फोटो दाखवला. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, साल १९१९. पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत सील केलेला. डबीच्या वरच्या पट्टीवर साल, टांकसाळ, बारकोड आणि दर्जाचा आकडा: ६५. विकणारा जी किंमत सांगत होता तिच्यात एक बरीशी जुनी दुचाकी आली असती.

"तसा रुपया सराफाकडे पण मिळतो," मित्र म्हणाला. "पण हा ६५चा आहे. कंपनीच्या रिपोर्टमध्ये याच्या वरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत म्हणे. आता तूच सांग भाऊ, दिवसभर आकडेच तर पाहून राहिला तू. हा आकडा किती पक्का?"

तो ज्याबद्दल विचारत होता त्याला संग्राहकांच्या जगात पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. कंपनीने आजवर कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची, कोणत्या दर्जाची किती नाणी तपासून सील केली, त्याचा हा तक्ता. एका अर्थाने नाण्यांची खानेसुमारीच. किमती या तक्त्यावर हलतात. एखाद्या दर्जाच्या रकान्यात चारऐवजी चाळीस दिसू लागले की भाव उतरतो.

मी तेव्हा त्याला काहीतरी मोघम उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यात राहिला, त्याला घरचे एक कारण होते. आईचे माहेर नाशिकचे, तांबटांचे. आजोळी एक तांब्याची घागर आहे आणि ती शिवरायांची घागर आहे असे आजी सांगायची. लहानपणी मला वाटे ती शिवाजी महाराजांच्या घरची असणार. मोठा झाल्यावर कळले की शिवराया म्हणजे शिवराई नाणी. नाणे चालेनासे झाल्यावर लोक ते वजनावर तांबटाला देत आणि त्याची भांडी होत. म्हणजे ज्या नाण्यांची मोजणी आज जगात कुठे ना कुठे चालू आहे, त्यांतली काही आमच्याच भट्टीत गेली. त्यांची नोंद कोणत्या रकान्यात?

* * *

आधी हा तक्ता का निर्माण झाला ते सांगायला हवे, कारण तो एका खऱ्या दुखण्यावरचा उपाय होता. नाण्याची किंमत ते किती झिजले आहे यावर ठरते आणि किती झिजले आहे हे पूर्वी विकणारा सांगे. विकताना 'अगदी कोरे' असलेले नाणे परत घ्यायची वेळ आली की त्याच दुकानात 'जरा वापरलेले' होई. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकन सेंटवरच्या पुस्तकात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. कल्पना सरळ होती: ओळखण्यापुरते उरलेले नाणे १, निर्दोष नाणे ७०, आणि ७०ची किंमत १च्या सत्तरपट. बाजाराने हे गणित लवकरच मोडले, पण आकडे टिकले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्यांनी त्याच आकड्यांवर धंदा उभा केला: तिऱ्हाईत तज्ज्ञांनी नाणे पाहायचे, दर्जा द्यायचा, डबीत सील करायचे. प्रत्येक डबीची नोंद ठेवली की तक्ता आपोआप तयार होतो.

विश्वासाच्या या सगळ्या व्यवहारात एक गंमत अशी, की मोजपट्टी देणाऱ्या शेल्डननेच अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्यांच्या जागी हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. संग्रहाच्या यादीत नाण्यांची संख्या बरोबर होती. नाणी तेवढी वेगळी होती.

* * *

आमच्या कामात कोणी 'ॲपवर आज किती लोक आले' असे विचारले की आम्ही उलटा प्रश्न करतो: माणसे मोजायची की भेटी? एकच माणूस दिवसातून सहा वेळा आला तर भेटी सहा होतात. देवळात किती भाविक आले हे घंटेच्या टोल्यांवरून मोजण्यासारखे आहे ते. एखादा उत्साही भाविक चारदा घंटा वाजवतो, एखादा न वाजवताच हात जोडून जातो. पॉप्युलेशन रिपोर्ट टोले मोजतो.

चारदा वाजणाऱ्या घंटेचे उदाहरण घेऊ. एक नाणे ६४ आणि ६५च्या सीमेवर आहे. दोन्ही दर्जांच्या किमतींत मोठी तफावत आहे. मालक डबी फोडतो, नाणे पुन्हा पाठवतो, ६४ येते. पुन्हा पाठवतो, पुन्हा ६४. पाचव्या खेपेला तपासणाऱ्याचा कौल बदलतो आणि ६५ मिळते. जुन्या पट्ट्या परत पाठवा, आम्ही तक्त्यातून वजा करू, असे कंपन्या सांगतात. पण पट्टी परत पाठवण्यात मालकाचा काही फायदा नाही. त्याने ती केराच्या टोपलीत टाकली तर तक्त्यात पाच नाणी दिसतात: चार ६४ची आणि एक ६५चे. मग तेच नाणे दुसऱ्या कंपनीकडे गेले की तिच्या तक्त्यात सहावे. हातात नाणे एकच.

आता न वाजलेली घंटा. दर्जा ठरवून घ्यायला शुल्क लागते, विमा लागतो, टपालखर्च लागतो. ज्या रुपयाला सराफ चांदीचा भाव देतो त्यासाठी हा खटाटोप कोणी करणार नाही. १९१९ साली मुंबई आणि कलकत्ता या टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. त्यांतले किती देव्हाऱ्यात, किती लक्ष्मीपूजनाच्या डब्यात, किती पुतळीच्या माळेशेजारी मखमली पिशवीत असतील? ते कोणत्याच तक्त्यात नाहीत.

म्हणजे तक्त्यात चुका दोन प्रकारच्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या जागी होतात. महाग आणि सीमेवरचे नाणे जास्त वेळा मोजले जाते, स्वस्त आणि साधे नाणे मोजलेच जात नाही. चूक किमतीच्या मागे चालते. आणि किंमत तक्त्याच्या मागे चालते. आमच्या धंद्यात असे वर्तुळ दिसले की आम्ही तो आकडा निर्णयासाठी वापरत नाही.

आपल्याकडे त्यात एक कायदाही येतो. १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. मित्राला दाखवलेला १९१९चा रुपया आज पुरावशेष आहे. शिवराई तर आहेच. म्हणजे कायदा पाळणाऱ्या नाशिकच्या किंवा नागपूरच्या संग्राहकाची जुनी नाणी अमेरिकेतल्या तपासनिसाच्या टेबलावर पोचूच शकत नाहीत. तिथे मोजली जातात ती मुख्यतः आधीच बाहेर गेलेली. ज्या देशात नाणे पडले आणि फिरले, तो देशच या खानेसुमारीतून बराचसा गळलेला असतो.

* * *

यावर कोणी म्हणेल, मग टांकसाळीचे आकडे घ्या. किती पाडले ते सरकारी दप्तरात असतेच. हा रस्ताही फार लांब जात नाही. त्याचा सगळ्यात स्पष्ट नमुना १९११चा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते. सोंड आखूड पडली आणि लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली. तोवर सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सात लाखांच्या आसपास चलनात गेले, उरलेले मागे घेऊन आटवले आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट काढला. दप्तरातला ९४ लाखांचा आकडा खराच आहे. फक्त तो उरलेल्या नाण्यांबद्दल काही सांगत नाही. शिवाय 'डुकराचा रुपया' दुर्मीळ हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ज्याच्याकडे तो आहे तो जपून ठेवतो, तपासून घेतो. शेजारच्या साध्या सालाचा रुपया मोडीत जातो.

मित्राच्या १९१९च्या रुपयाची कथा याहून मोठी आहे, आणि ती ज्या देशात हे तक्ते जन्मले तिथूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची प्रचंड ओढ लागली. सैन्याचा खर्च, निर्यातीचा पैसा, सगळ्याला रुपये हवेत आणि लोकांना कागद नको. चांदी इतकी चढली की रुपयातली चांदीच रुपयाहून महाग व्हायला आली. १९१७च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली ती याच चणचणीत. १९१८च्या सुरुवातीला लोक नोटा घेऊन रुपये मागायला येऊ लागले आणि सरकारी तिजोरीतली चांदी आटत चालली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोऱ्यांत पडून असलेले चांदीचे डॉलर आटवायला काढले. एकूण २७ कोटींहून अधिक डॉलर आटले. त्यांतली जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली गेली, भारतासाठी. मी गणित करून पाहिले: एका डॉलरात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, एका रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या जरा आत. म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये. मुंबईच्या टांकसाळीने त्या दोन वर्षांत पाडलेल्या रुपयांत अमेरिकेची स्वातंत्र्यदेवता विरघळलेली आहे.

ते डॉलर आटवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. कशाला ठेवतील? ती चांदी होती. पण त्यामुळे अमेरिकेतल्या डॉलरांचे टांकसाळीचे आकडे पुढच्या संग्राहकांसाठी निकामी झाले. किती पाडले ते माहीत, किती उरले ते नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३चा डॉलर असाच दुर्मीळ समजला जाई. तो बहुधा १९१८च्या भट्टीत गेला असा समज होता आणि १९६२ पर्यंत कोऱ्या नाण्याचा भाव पंधराशे डॉलरांपर्यंत चढला होता. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारी तिजोरीतल्या जुन्या सीलबंद पिशव्या बाहेर पडल्या आणि त्यांत हीच नाणी निघाली. भाव दोन आकड्यांवर आला. नाणी भट्टीत नव्हती, पोत्यात होती.

इकडे रुपयांचेही तेच झाले. १९४० मध्ये रुपयातली चांदी बारा भागांतल्या अकरांवरून निम्म्यावर आणली. १९४१ ते १९४३ या काळात आधी व्हिक्टोरिया राणीचे, मग एडवर्डचे, मग पंचम जॉर्जचे आणि सहाव्याचे जुन्या कसाचे रुपये चलनातून रद्द झाले. महायुद्धात अमेरिकेने उसनी दिलेल्या चांदीतली सुमारे २२ कोटी ६० लाख औंस भारताच्या वाट्याला आली होती, ती १९५७ पर्यंत परत करायची होती. त्यासाठी चांदीची नाणी गाळून शुद्ध करायचा कारखाना कलकत्त्याला अलीपूरमध्ये उभा राहिला. १९१८ मध्ये डॉलरचे रुपये झाले होते. चाळीस वर्षांनी रुपयांची चांदी परत अमेरिकेला गेली. या जाण्यायेण्यात कोणत्या सालाचे किती रुपये संपले, त्याचा तक्ता नाही.

* * *

मग नाण्यांची मोजणी करूच नये का? तसे नाही. प्रश्न फक्त एवढाच, की मोजणाऱ्यासमोर नाणी कशी आली. हे मला दोन जुन्या मोजण्यांवरून कळले. दोन्ही आपल्याकडच्या, आणि दोन्ही करणारे मिशनरी.

पहिली १९०६ची. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा निधी निघाला. १३,२५०हून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. तोवर नहपानाची चांदीची नाणी फारच थोडी माहीत होती. तेव्हा पॉप्युलेशन रिपोर्ट असता तर त्याने नहपानाला 'अतिदुर्मीळ' म्हटले असते, आणि एका खड्ड्याने ते खोटे पाडले असते. रेव्हरंड स्कॉट यांनी हा निधी तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचा अहवाल दिला. त्यातली खरी बातमी एकूण संख्येची नव्हती. सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दहांतल्या सातांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरून दुसरा छाप मारलेला होता: एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडला असे सांगतो. पण लेख आई आपल्या मुलाबद्दल लिहवून घेते. ९,२७० नाणी त्याला दुजोरा देतात: हरलेल्याचा पैसा जिंकलेल्याने ताब्यात घेतला आणि आपले नाव ठोकून पुन्हा चालवला.

आता हाच निधी आजच्या रीतीने मोजला असता तर? मालकाने ढिगातून सुबक नाणी निवडली असती. चेहरा चेचलेले, दुहेरी छापाचे, वाचायला अवघड नाणे कोण शुल्क भरून पाठवणार? तपासनिसाच्या टेबलावर मुख्यतः न ठोकलेली, नहपानाचा रेखीव चेहरा असलेली नाणी पोचली असती. तक्ता सांगता झाला असता की नहपानाची नाणी उत्तम अवस्थेत भरपूर मिळतात. एका राजवटीचा शेत दाखवणारी खूण 'दोष' म्हणून बाजूला पडली असती. स्कॉटसमोर ढीग जसा होता तसा आला, कुरूप नाण्यांसकट. म्हणून दहांत सात हे प्रमाण इतिहासाच्या कामाचे झाले.

दुसरी मोजणी शिवराईची. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेले हे तांब्याचे नाणे त्यांच्यानंतरही पाडले जात राहिले. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पेशवाईत टांकसाळी अनेक झाल्या, त्यांतल्या कितीतरी कंत्राटावर चालत, आणि प्रत्येक ठशाचा कारागीर आपल्या मगदुराप्रमाणे अक्षरे कोरी. कुठे शिव, कुठे शीव, कुठे श्रीचा सी, छत्र आणि पति यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. इंग्रजांची पाव आण्याची नाणी आल्यानंतरही शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बाजारात चालत होती. आणि नेमकी ती बाजारातून जात असताना अमेरिकन मराठी मिशनच्या रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी ती गोळा केली. हेच ॲबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ओळखले गेले. त्यांनी सुमारे २५ हजार शिवराया पाहिल्या आणि त्यांत दीडशेच्या आसपास प्रकार नोंदवले.

पंचवीस हजार ही संख्या ऐकून संग्राहकाचे डोळे विस्फारतात. माझे लक्ष दुसरीकडे गेले. पंचवीस हजार नाणी कोणी एकेक निवडून आणत नाही. ती मापाने, ढिगाने येतात, आणि ढिगात झिजकी, पुसट, वाकडी सगळी येतात. शिवाय ॲबट प्रकार पाहत होते. दर्जा पाहत नव्हते. त्यांना हवे होते ते अक्षराचे वळण, आणि ते झिजक्या नाण्यावरही दिसते.

अशा ढिगाचा एक उपयोग आहे, तो गणितात मागाहून सांगितला गेला. दुसऱ्या महायुद्धात गुप्तलिपी फोडताना ॲलन ट्युरिंगला एक युक्ती सुचली, ती त्याचा सहकारी आय. जे. गुड याने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या भाषेत अशी: ढिगातून नाणी काढत जा आणि ज्या प्रकारचे नेमके एकच नाणे निघाले असे किती प्रकार आहेत ते पाहा. ढीग हजाराचा आणि एकुलती नाणी शंभर, तर पुढचे नाणे अजून न पाहिलेल्या प्रकाराचे निघण्याची शक्यता साधारण दहात एक. एकुलती नाणी फारशी नसतील तर आपण बहुतेक सगळे पाहिले आहे. नाण्यांच्या मूळ ठशांची संख्या काढायला नाणेशास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात. न पाहिलेल्याचा अंदाज पाहिलेल्यातून करता येतो, पण एका अटीवर: ढीग कोणी निवडलेला नसावा आणि एक नाणे एकदाच मोजलेले असावे. पॉप्युलेशन रिपोर्ट या दोन्ही अटी मोडतो. म्हणून त्यात लाखो नोंदी असूनही त्यातून ते काढता येत नाही जे एका पाद्र्याच्या पोत्यांतून काढता येते.

पण ॲबट यांच्याही मोजणीला एक भिंत आहे. त्यांनी पाहिली ती तोवर न आटलेली नाणी. शिवराई चालायला दोनशे वर्षे झाली होती आणि तांबे कधीच स्वस्त नव्हते. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. कळवण्यापेक्षा आटवणे सोपे, हे ज्याच्या नांगराला हंडा लागला त्याला कोणी शिकवायला नको. प्रत्येक मोजणी भट्टीच्या अलीकडची असते.

* * *

गेल्या वर्षी आजोळचे घर पाडून इमारत बांधायचे ठरले. जुनी भांडी मोडीत द्यायला काढली तेव्हा मामी म्हणाली, "ही घागर पण देऊन टाकू का रे? वापरत तर कोणी नाही." मी ती मागून घेतली आणि रेल्वेने नागपूरला आणली. सहप्रवाशांनी मला भांड्यांचा व्यापारी समजले असावे.

मिहानपासून वीसेक मिनिटांवर माझ्या भाड्याच्या खोलीत ती आता खिडकीखाली आहे. सामान तोलायच्या काट्याला टांगून मी तिचे वजन केले: तीन किलो सहाशे ग्रॅम. एक शिवराई नऊ ते अकरा ग्रॅम धरली तर तीनशे सत्तावीस ते चारशे नाणी. घडताना थोडे तांबे जळाले, कापात गेले ते वेगळे. आणि सगळे तांबे शिवरायांचेच होते का? आजी सांगायची एवढाच पुरावा. तोही एक रिपोर्ट आणि त्यालाही तपासनीस नाही. कदाचित दहा शिवराया असतील आणि बाकी पत्रा असेल. कदाचित ॲबट यांच्या दीडशे प्रकारांत नसलेला एकशेएक्कावन्नावा प्रकार या घागरीच्या बुडात असेल. आमच्या पणजोबांच्या बापाने ते नाणे हातात घेऊन पाहिले असेल आणि मुशीत टाकले असेल. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. गिऱ्हाइकाला पाणी भरायला घागर हवी होती.

मित्राला मी शेवटी जे सांगितले ते एवढेच: रिपोर्ट खोटा नाही, पण तो 'जगात किती आहेत' याचे उत्तर देत नाही. तो 'आमच्या टेबलावर किती वेळा आले' याचे उत्तर देतो. आकडा लहान दिसला तर आधी विचार, नाणी कमी आहेत की पाठवणारे कमी आहेत. ज्याचे चाळीस कोटी पडले त्या रुपयासाठी दुचाकीचे पैसे द्यायचे असतील तर नाणे आवडले म्हणून दे. वरच्या रकान्यात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत म्हणून देऊ नकोस. उद्या कोणाच्या तरी पणजीचा डबा उघडेल.

त्याने नाणे घेतले नाही. मला वाटले माझ्या बोलण्याचा परिणाम. तो म्हणाला, "नाही रे, घराचा हप्ता वाढला."

मात्र दिवाळीनंतर गावाहून आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटी पुरचुंडी होती. आजीच्या पूजेतले सात रुपये. दोन व्हिक्टोरिया राणीचे, पाच पंचम जॉर्जचे, त्यांतले एक १९१९चे. हळदीकुंकवाने लालपिवळे झालेले, दरवर्षी चिंचेने घासून घासून राजाचे नाक गेलेले. कोणतीही कंपनी त्याला दर्जा देणार नाही, आणि तो पाठवणारही नाही. त्याने फक्त सात ओळींची एक यादी केली आहे: साल, टांकसाळ, कोणाकडून आला, कधी आला. शेवटच्या रकान्यात एका रुपयापुढे त्याने लिहिले आहे, आठवा होता, आत्याच्या लग्नात आटवला.

मला वाटते, मी पाहिलेल्या नाण्यांच्या तक्त्यांत आटलेल्या नाण्याला ओळ देणारा हा एकच आहे.